मुंबईच्या हवेत विणकाम : लोकर, सुया आणि सोबत

मुंबईत राहून विणकाम करते असे सांगितले की "इथे स्वेटर घालतो कोण?" हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, आणि विणायला बसण्यापूर्वी प्रत्येकीने तो स्वतःलाही विचारावा असे माझे मत आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी या शहराचे तापमान ७.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते, पण तो विक्रम आहे. एरवी आपल्या थंडीला पातळ शालही पुरते. म्हणून नमुना आणि रंग नंतर पाहावेत. ही वस्तू कोण वापरणार आणि कुठल्या हवेत वापरणार, हे आधी ठरवावे. मी ते ठरवले नव्हते. भाचीच्या बाळासाठी मी दीड महिना खपून जाड लोकरीचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणला. डिसेंबरच्या एका सकाळी तो बाळाला घातला आणि थोड्याच वेळात त्याची मान घामाने ओली झाली. शेवटी तो स्वेटर नाशिकच्या एका नातवंडाकडे गेला आणि तिथे पुष्कळ वापरला गेला.

हवेचा विचार झाला की लोकरीची निवड सोपी होते. मुंबईतल्या रोजच्या वापरासाठी सुती धागा उत्तम. तो अंगाला टोचत नाही आणि घाम टिपतो. मात्र सुताला लोकरीसारखा ताण नसतो. एक सुलट एक उलट विणलेली सुती किनार ओढल्यावर पुरेशी परत आखडत नाही आणि मोठी वस्तू स्वतःच्या वजनाने लांबते, त्यामुळे सुती कपडा लांबीला किंचित आखूडच विणावा. शुद्ध लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही. हिमालयात जाणाऱ्यासाठी किंवा एसीत दिवसभर बसणाऱ्या मैत्रिणीसाठी ती घ्यावी, आणि मऊपणा हवा असेल तर मेरिनो जातीच्या मेंढीची पाहावी. अ‍ॅक्रिलिक (कृत्रिम धागा) स्वस्त असते, भरपूर रंगांत मिळते आणि हात बसवण्यासाठी चांगले असते. परंतु ते बाष्प फारसे शोषत नाही आणि त्यावर गरम इस्त्री ठेवली तर वीण कायमची चपटी होते. तान्ह्या बाळासाठी केसाळ लोकर कितीही मोहक दिसली तरी घेऊ नये, कारण तिचे तंतू तोंडात जातात.

क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात किंवा भुलेश्वरला खरेदीला जाल तेव्हा गुंड्यावरच्या पट्टीवरील लॉट नंबर (एका वेळी रंगवलेल्या धाग्याचा क्रमांक) वाचूनच पैसे द्यावेत. रंगाचा क्रमांक तोच असला तरी लॉट बदलला की छटा बदलते, आणि दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न दिसलेला फरक घरी उन्हात पाठीवर पट्ट्यासारखा उमटतो. हिशेबापेक्षा एक गुंडा जास्त घ्यावा. दोन लॉट वापरणे भागच पडले, तर दोन सुया (म्हणजे विणीच्या दोन ओळी) एका गुंड्याने आणि दोन सुया दुसऱ्याने अशा आळीपाळीने विणाव्यात. छटा एकमेकींत मिसळून जातात.

विणण्याच्या सुयांच्या क्रमांकाचा घोळ नवशिक्यांना फार छळतो. आपल्याकडील पुष्कळ दुकानांत अजून जुने ब्रिटिश क्रमांक चालतात आणि त्यांत आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर. अमेरिकन क्रमांक याच्या उलट चालतात. तेव्हा नमुना कुठलाही असो, मिलिमीटरच पाहावेत. सुरुवातीला लाकडी किंवा बांबूच्या सुया घ्याव्यात. त्यांवरून टाके पटकन घसरत नाहीत.

त्यानंतर चाचणीचा तुकडा, आणि हा टाळू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. साधारण १५ सेंटिमीटरचा चौकोन विणून धुवावा, वाळवावा आणि मगच मधल्या १० सेंटिमीटरमधले टाके मोजावेत. नमुन्यात २२ टाके अपेक्षित असताना हात सैल असल्यामुळे तुमचे २० भरले, तर १०० सेंटिमीटर घेराचा स्वेटर ११० सेंटिमीटरचा होईल. अशा वेळी टाके कमी करण्यापेक्षा एक नंबर बारीक सुई घेऊन पुन्हा तुकडा विणावा.

पहिले काम म्हणून ४ मिलिमीटरच्या सुयांवर सुती धाग्याचे ४० टाके घालून सर्व सुया सुलट विणाव्यात. भांडी पुसायचा चौकोनी रुमाल तयार होतो आणि हातही बसतो. मग एसीतल्या ऑफिससाठी स्टोल, आणि त्यानंतर बाळाचे टोपडे व मोजे. बाळाच्या मोज्यांत दोन रंग वापरल्यास आतून लोंबणारे धागे लांब ठेवू नयेत, कारण इवलीशी बोटे त्यांत अडकतात.

टाका गळला म्हणून घाबरून उसवायला घेऊ नये, हे मला लोकलमध्ये शिकायला मिळाले. १९९२ साली चर्चगेट–बोरिवली मार्गावर महिला विशेष गाडी सुरू झाली. आमचा मार्ग मध्य रेल्वेचा, पण महिलांच्या डब्यातली सोबत तीच. घाटकोपरला गाडीने हिसका दिला आणि माझा टाका पाच सुया खाली उतरला. समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, उसवू नकोस. क्रोशाची सुई आहे का तुझ्याकडे? दे इकडे." त्यांनी सुलट बाजू समोर धरली, क्रोशाची सुई पुढून त्या मोकळ्या फासात घातली, वरचा आडवा धागा पकडून फासातून ओढला, मग त्याच्या वरचा, असे पाचही धागे जिन्याच्या पायऱ्यांसारखे चढत आणले. शीव येईपर्यंत टाका सुईवर परत आला होता. तेव्हापासून क्रोशाची एक सुई माझ्या पिशवीत कायम असते.

त्या ओळखीतून आम्ही चौघी जमलो. महिन्यातून एका शनिवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसतो. अशी सोबत जोडावी ती केवळ गप्पांसाठी नव्हे. नमुना एकीने मोठ्याने वाचावा आणि दुसरीने विणावे, म्हणजे जाळीच्या नमुन्यात चूक त्याच सुईत सापडते. क्वचित लागणाऱ्या जाडीच्या सुया चौघींत मिळून घ्याव्यात. उरलेले अर्धे गुंडे एकत्र केले की एका टोपड्याची लोकर सहज निघते. आणि मैत्रिणीची चूक दिसली तर ती लगेच सांगावी. आमच्यातल्या एकीने भिडेपोटी न सांगितल्यामुळे दुसरीला तब्बल चाळीस सुया उसवाव्या लागल्या होत्या.

विणलेली वस्तू कोमट पाण्यात रिठ्याच्या फेसात धुवावी आणि चोळू नये. पंच्यात गुंडाळून दाबली की पाणी निघते. मग दोरीवर न टाकता कोरड्या पंच्यावर आडवी पसरून पंख्याखाली वाळवावी. पावसाळ्यात याला दोन दिवससुद्धा लागतात आणि ओल राहिलेली वस्तू कपाटात गेली तर बुरशी धरते, म्हणून काखेची आणि किनारीची शिवण बोटांनी दाबून पाहावी. ती गार लागली तर आणखी एक रात्र पंख्याखालीच राहू द्यावी.