«-इंग»चं शेपूट: नाम की विशेषण?

गोव्यात मालीमच्या जेटीवर उभी असते ती फिशिंग बोट आणि मांडवी नदीत उजळलेला असतो तो फ्लोटिंग कॅसिनो. दोन्ही इंग्रजी शब्दांचं शेपूट एकच, पण फिशिंग हे नाम आणि फ्लोटिंग हे विशेषण. शेपटाकडे बघून याचा उलगडा व्हायचा नाही. जुन्या इंग्रजीत क्रियेच्या नावाला आणि क्रिया करणाऱ्याच्या विशेषणाला वेगवेगळे प्रत्यय होते; पुढे दोन्हींची मिळून «-इंग» ही एकच खूण उरली.

«-इंग»च्या शब्दापुढे नाम असेल तर मराठीचा आधार घ्या, पण क्रम पाळा. आधी «-ण्याचा, -ण्याची, -ण्याचं» लावून बघा. मासे पकडण्याची बोट, थांबण्याची खोली (वेटिंग रूम), झोपण्याची पिशवी (स्लीपिंग बॅग): अर्थ लागतो, म्हणून नाम. तरंगण्याचा कॅसिनो, वाहण्याचं पाणी (रनिंग वॉटर), उडण्याचा मासा (फ्लाइंग फिश): हसू येतं, म्हणून विशेषण. चूक होते ती आधी «-णारा» लावल्यामुळे. कपडे धुणारं मशीन, मासे पकडणारी बोट असं आपण मराठीत सर्रास म्हणतो आणि मग वॉशिंग, फिशिंग ही विशेषणं वाटायला लागतात.

तरीही अडलं तर क्रिया थांबवून बघा. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. बांधून ठेवलेली फिशिंग बोट तेव्हाही फिशिंग बोटच, कारण शब्द तिचं प्रयोजन सांगतो. नळ बंद केला की मात्र रनिंग वॉटर उरत नाही. ही कसोटी फ्लाइंग फिशवर फसते: ताटात पडलेला मासाही फ्लाइंग फिशच. ते जातीचं नाव झालं आहे, तिथे «-ण्याचा»चाच निकाल धरा. कानाचीही मदत होते. फिशिंग बोट म्हणताना जोर फिशिंगवर येतो, फ्लोटिंग कॅसिनो म्हणताना कॅसिनोवर. पक्का नियम नाही, पण बहुतेक वेळा चालतो.

शब्द एकटा असेल तर शेजारी बघा. आधी «द» आणि नंतर «ऑफ», किंवा शेवटी अनेकवचनाचा «स», की नाम: द पेंटिंग ऑफ द बोट, टू पेंटिंग्स. «नो पार्किंग»च्या पाटीवरचं पार्किंगही नामच. «पेंटिंग द बोट क्विकली इज हार्ड» इथे पेंटिंग वाक्यात नामाचं काम करतं, पण स्वतःचं कर्म आणि क्रियाविशेषण बाळगून असतं. म्हणून तिथे «क्विक» चालत नाही. «द क्विक पेंटिंग ऑफ द बोट» चालतं.

«इज»च्या नंतर आला तर तीन शक्यता. «ही इज स्विमिंग» हे क्रियापद, नाम नाही आणि विशेषणही नाही. «हर हॉबी इज स्विमिंग» उलटवता येतं, स्विमिंग इज हर हॉबी, म्हणून नाम. «द फिल्म इज बोअरिंग» मध्ये «व्हेरी» बसतं, म्हणून विशेषण. मात्र «व्हेरी» बसलं नाही म्हणून विशेषण नाही, असा उलटा निष्कर्ष काढू नका. व्हेरी फ्लोटिंग कॅसिनो कोणी म्हणत नाही. आणि अंगणात मारलेली बोअरिंग वेगळी, ते मराठीत स्थिरावलेलं नाम. बोअरिंगला पाणी लागतं, फिल्मला नाही.

कधी कधी दोन्ही उत्तरं बरोबर असतात. «फ्लाइंग ड्रोन्स इज रिस्की» म्हणजे ड्रोन उडवणं धोक्याचं. क्रिया एक, म्हणून «इज», आणि फ्लाइंग नाम. «फ्लाइंग ड्रोन्स आर रिस्की» म्हणजे उडणारे ड्रोन धोक्याचे, फ्लाइंग विशेषण. तेच «फ्लाइंग ड्रोन्स कॅन बी रिस्की» लिहिलं की «इज» आणि «आर» दोन्ही गायब. मग संदर्भ शोधा: सूचना दाबोळी विमानतळाजवळ ड्रोन उडवणाऱ्याला असेल तर नाम, वैमानिकाला असेल तर विशेषण.