मोझांबिकची तूर आणि लातूरचा भाव: आयातीचा हिशेब कसा मांडायचा

डिसेंबरमध्ये तूर घरात आली की विकावी की थांबावं, हा प्रश्न मराठवाड्यात आणि विदर्भात दर वर्षी पडतो. त्याचं उत्तर फक्त मोंढ्यातल्या आवकेवरून मिळत नाही. पूर्व आफ्रिकेतलं पीक, दिल्लीची अधिसूचना आणि डॉलरचा दर यांचाही हिशेब घ्यावा लागतो. शेतकरी उत्पादक कंपन्या आणि लहान डाळ मिलनी तो स्वतः मांडावा. अडत्याच्या तोंडी माहितीवर विसंबू नये.

आधी करार आणि आयात धोरण वेगळं करा

भारत आणि मोझांबिक यांच्यात जुलै 2016 मध्ये तुरीचा पाच वर्षांचा सामंजस्य करार झाला. पहिल्या वर्षी 1 लाख टन आणि वाढत वाढत पाचव्या वर्षी 2 लाख टन, असं त्यात ठरलं होतं. 2021 मध्ये तो दर वर्षी 2 लाख टन याप्रमाणे 2025-26 पर्यंत वाढवला गेला. त्याच वर्षी मलावीशी 50 हजार टनांचा आणि म्यानमारशी 1 लाख टनांचा करार झाला.

बातम्यांत हाच कोटा आयातीची मर्यादा म्हणून सांगितला जातो आणि तिथेच घोळ होतो. 15 मे 2021 ला तूर 'मुक्त' वर्गात आली आणि तिची मुदत पुढे वाढवली गेली. म्हणजे दिलेल्या तारखेपर्यंत कोणीही, कुठूनही, कितीही तूर आणू शकतो. कराराचा कोटा महत्त्वाचा ठरतो तो आयात 'प्रतिबंधित', म्हणजे परवाना किंवा कोट्यापुरतीच, झाल्यावर.

म्हणून विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तुरीच्या 0713 60 या सीमाशुल्क कोडची ताजी अधिसूचना काढा आणि तीन गोष्टी पाहा. धोरण मुक्त आहे की प्रतिबंधित? मुदत कधी संपते? आणि ती मुदत जहाजात माल चढल्याच्या तारखेला, म्हणजे बिल ऑफ लॅडिंगला लागू आहे की भारतात कस्टम क्लिअरन्सला? पहिला प्रकार असेल तर मुदत संपल्यावरही काही आठवडे माल बंदरात उतरतच राहतो. 'आयात बंद झाली' म्हणून थांबलेल्यांचा अंदाज इथेच चुकतो.

मुदतवाढ कधी जाहीर होते, तेही बघा. 20 जानेवारी 2025 च्या अधिसूचनेने मुदत 31 मार्च 2026 पर्यंत नेली, तेव्हा आपली नवी तूर बाजारात येत होती. पेरणीच्या आधी हे कळलं असतं तर शेतकऱ्याला पीक निवडता आलं असतं. ऐन काढणीत कळलं तर त्याच्या हातात काहीच उरत नाही.

आयात शुल्काचं प्रकरण वेगळं आहे. अख्ख्या तुरीवरचं 10 टक्के शुल्क मार्च 2023 मध्ये काढलं गेलं. पण मोझांबिक, मलावी, टांझानिया आणि म्यानमार हे अल्पविकसित देशांच्या यादीत असल्याने, मूळ देशाचा दाखला जोडला की त्यांचा माल त्याआधीही शून्य शुल्काने येत होता. त्यामुळे 'शुल्क वाढवा' ही मागणी एकटी पुरेशी नाही. आफ्रिकेची तूर रोखते ती मुदत आणि कोटा.

दोन्हीकडचं पीक एका कॅलेंडरवर मांडा

मोझांबिकमध्ये तूर नोव्हेंबर-डिसेंबरच्या पावसावर पेरतात आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये काढतात. नाकाला आणि बेइरा बंदरांतून निघालेला माल मुख्यतः सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये न्हावा-शेवासारख्या बंदरांत उतरतो. म्हणजे आपली काढणी सुरू होण्याच्या तोंडावरच. ही वाट हिंदी महासागरातून सरळ येते. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे कंटेनरचं भाडं वाढू शकतं, पण तुरीच्या जहाजाला वळसा पडत नाही.

एका देशाच्या धोरणाचा फटका दुसऱ्या टोकाला कसा बसतो, हे 2016-17 ने दाखवलं. भारतातलं तुरीचं उत्पादन सुमारे 25.6 लाख टनांवरून 48.7 लाख टनांवर गेलं आणि भाव 5,050 रुपयांच्या हमीभावाखाली घसरले. ऑगस्ट 2017 मध्ये सरकारने आयातीवर वर्षाला 2 लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही, ती मुख्यतः भारतासाठीच पिकते. त्यामुळे झांबेझिया आणि नांपुला प्रांतांतल्या लहान शेतकऱ्यांचाही भाव कोसळला. भारताच्या पिकाशी न जोडलेला कोटा दोन्हीकडच्या शेतकऱ्यांसाठी जोखमीचा आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पडता भाव, म्हणजे माल मिलच्या दारात येईपर्यंतचा एकूण खर्च, काढा

आयातदार टनाचा भाव डॉलरमध्ये सांगतो. तो 'एफओबी' आहे की 'सीएनएफ', हे आधी विचारा. एफओबीत जहाजभाडं नसतं, सीएनएफमध्ये असतं. पुढचे सगळे आकडे फक्त रीत दाखवण्यासाठी धरले आहेत.

सीएनएफ 700 डॉलर आणि डॉलर 85 रुपये धरला तर टनाला 59,500, म्हणजे क्विंटलला 5,950 रुपये होतात. बंदर खर्च, क्लिअरिंग, धुरी, हमाली, घट आणि व्याज मिळून 200 धरा. लातूरपर्यंतच्या ट्रकचे आणखी 200. मिलच्या दारात 6,350 रुपये पडले.

समजा स्थानिक तूर 6,600 ला मिळते. 250 रुपयांचा फरक दिसतो, पण इथे थांबू नका. डाळीचा उतारा बघा. क्विंटलमागे स्थानिक तुरीतून 72 किलो आणि आयात मालातून 69 किलो डाळ निघाली, तर स्थानिक डाळ किलोला 91.67 रुपयांना पडते आणि आयातीची 92.03 रुपयांना. फरक संपला. म्हणून ओलावा, दाण्याचा आकार आणि कीड बघून, दोन्ही मालांची थोडी थोडी भरड करून उतारा काढल्याशिवाय तुलना करू नये. व्यापारी मोझांबिकची गजरी, टांझानियाची अरुषा आणि म्यानमारची लेमन असे भाव वेगवेगळे सांगतात. एकीचा भाव दुसरीला लावला की सगळा हिशेब बिघडतो.

आकडे वाचताना

वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत देशवार, महिनावार आयात मिळते, पण ती दीड-दोन महिने उशिरा. ऑक्टोबरचा आकडा बघून डिसेंबरच्या आवकेबद्दल निष्कर्ष काढू नका. आपले आकडे एप्रिल ते मार्चचे, मोझांबिकचे जानेवारी ते डिसेंबरचे. दोन्ही जुळवायचे असतील तर महिनावारच जुळवा.

आयात कमी असूनही भाव पडत असेल तर साठा मर्यादेचा आदेश तपासा. जून 2023 मध्ये घाऊक व्यापाऱ्यांना 200 टनांची मर्यादा लागली आणि सप्टेंबरमध्ये ती 50 टनांवर आली. आयातदारांना कस्टम क्लिअरन्सनंतर 30 दिवसांच्या वर माल ठेवायला मनाई होती. अशा वेळी बंदरावरचा माल घाईने विकला जातो आणि मोंढ्यातला खरेदीदार हात आखडता घेतो.