व्हॅनमध्ये फोल्डिंग ई-सायकल नेताय? मग या चुका टाळा

पन्हाळ्यावरच्या बोळात ज्यानं एकदा कॅम्परव्हॅन घातली आहे, त्याला फोल्डिंग ई-सायकल कशाला पाहिजे हे सांगावं लागत नाही. गाडी एका जागी लावायची, सायकली उलगडायच्या आणि तीन दरवाजापासून सज्जा कोठीपर्यंत निवांत फिरायचं. सोय उत्तमच आहे, पण माणसं सायकल विकत घेतात आणि दुसऱ्याच शनिवारी पिशवीसारखी व्हॅनमध्ये कोंबून निघतात. त्याच त्या चुका बघून जीव कावलाय, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक चार्जिंगची. गाडीच्या मूळ बॅटरीवर, म्हणजे जिच्यावर सेल्फ लागतो तिच्यावर, रात्रभर सायकली चार्जिंगला लावायच्या नाहीत. आम्ही एका जुलैमध्ये गगनबावड्याला मुक्कामी होतो. मेहुण्यानं झोपताना छोटा इन्व्हर्टर जोडून दोन्ही सायकली चार्जिंगला लावल्या. मी म्हटलं, "पाव्हणं, सकाळी गाडी निघायची आहे." तो म्हणाला, "दोन सायकलींनी काय होतंय, दाजी!" पहाटे बाहेर दाट धुकं, वर पाऊस. चावी फिरवली तर नुसतं कट-कट-कट, आणि डॅशबोर्डचे दिवे हळदीच्या पाण्यासारखे पिवळे. चिखलात रुतलेली व्हॅन ढकलून सुरू होत नाही. दोन तासांनी एक दुधाचा टेंपो थांबला, त्याच्याकडे जंपर केबल होती म्हणून सुटलो.

हिशेब अवघड नाही. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे, दोन्हींचा गुणाकार करून, ३६० वॅट-अवर वीज. इन्व्हर्टर आणि चार्जरमधली घट धरली तर एका सायकलीला सव्वाचारशेच्या आसपास लागतात, दोघींना साडेआठशे. १२ व्होल्टची १०० अँपिअर-अवरची बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी त्यात १,२०० असतात, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवणं म्हणजे तिचं आयुष्य कमी करणं. माझी सवय एकच: मुक्कामात दिवे-पंखे चालवायची दुसरी बॅटरी वेगळी, आणि सायकली चालत्या गाडीत दिवसाच चार्ज करायच्या. कोल्हापूर ते मालवण एवढ्या प्रवासात एक बॅटरी बरीचशी भरते.

रात्रभर चार्जिंग नको म्हणण्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. लिथियम बॅटरीनं पेट घेतला तर ती विझवायला फार अवघड, आणि धूर विषारी. बंद व्हॅनमध्ये घरची माणसं झोपलेली असताना चार्जर चालू ठेवू नका. सायकल चालवून आल्यावर अर्धा तास बॅटरी थंड होऊ द्या, मगच पिन लावा. आपटलेली, फुगलेली बॅटरी तर गाडीत घेऊच नका, कितीही महाग असली तरी.

दुसरी चूक बांधण्याची. फोल्डिंग ई-सायकल वीस-बावीस किलोची असते. करूळ घाटात अचानक ब्रेक लागला की ती रबरी दोरीला जुमानत नाही, थेट पुढच्या सीटवर येते. फ्लोअरला बोल्टनं कड्या बसवून घ्या, कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम करणारे पुष्कळ आहेत, आणि रॅचेटचा, म्हणजे खटक्यानं ताणून घट्ट बसणारा, पट्टा वापरा. आडवी ठेवायचीच असेल तर गिअरची, म्हणजे उजवी बाजू वर. गिअरवर वजन आलं की त्याचा हँगर, म्हणजे ज्यावर गिअर लटकतो तो तुकडा, वाकतो, आणि मग चेन दर चढाला उतरते. दोन सायकलींमध्ये जुनी गोधडी घाला; ब्रेकची डिस्क वाकायला एक धक्का पुरतो.

सायकल जिथं दुमडते त्या बिजागरीच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. उलगडल्यावर क्लॅम्प लावायचा, त्याचं सेफ्टी लॉक अडकवायचं, मग पुढचा ब्रेक दाबून हँडल मागंपुढं हलवून बघायचं. कट्ट आवाज आला तर चढायचं नाही. पन्हाळ्याहून वाघबीळला उतरताना बिजागरी सैल निघाली तर सावरायला वेळ मिळत नाही. दहा सेकंदांचं काम आहे, आणि नवखी माणसं नेमकं हेच टाळतात.

सायकली मागच्या कॅरिअरवर लावत असाल तर बॅटरी काढून आत ठेवा. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकू देऊ नका.

मे महिन्यात तारकर्लीला उन्हात बंद व्हॅनमध्ये बॅटरी ठेवून पोहायला जाऊ नका.

वाळूत सायकल घालू नका. घातलीच तर त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसा. वॉशिंग सेंटरच्या फवाऱ्याखाली धरली की मोटरमध्ये पाणी शिरतं.

२५० वॅटच्या आतली मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असली तरच नोंदणीतून सूट आहे. दुकानदार वेगमर्यादेचं "लॉक काढून देतो" म्हणाला तर नको म्हणा.

पावसाळ्यात ट्रिप नसेल तर बॅटरी निम्मी भरून घरात ठेवा, व्हॅनमध्ये नको.

आणि पंक्चर. हब मोटरचं, म्हणजे ज्याच्या मध्यातच मोटर असते ते, मागचं चाक साध्या सायकलीसारखं हातानं निघत नाही, त्याला नट असतात आणि मोटरची वायर सोडवावी लागते. निघण्याआधी घरी, अंगणात, एकदा ते चाक काढून परत बसवा. ज्या पान्यानं ते निघालं तो पाना आणि एक ट्यूब त्याच दिवशी व्हॅनमध्ये ठेवून द्या.