शेततळ्यातले मासे काढताना खताचा फेरा कसा टिकवायचा

समुद्रातल्या प्रवाळाभोवतीचं पाणी काचेसारखं नितळ असतं, म्हणजेच खताच्या हिशेबाने उपाशी. तिथे नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) फिरतं ठेवण्यात माशांचा मोठा वाटा: कल्ल्यांतून अमोनिया, विष्ठेतून स्फुरद. मोठे मासे उपसले की हा खुराक आटतो; शेवाळ चरणारे पोपटमासे संपले तर शेवाळ प्रवाळावर चढतं. जळगाव जिल्ह्यात यावल-रावेरकडे केळीला पाणी देणाऱ्या शेततळ्यातही फेरा असाच चालतो. फक्त प्लास्टिक अस्तरामुळे स्फुरद धरून ठेवणारी माती तळाशी नसते.

३० बाय ३० बाय ३ मीटरच्या तळ्यात सुमारे १९-२० लाख लिटर पाणी मावतं. त्यात ५०० बोटुकल्या (माशांची बोटभर पिल्लं) पुरे: कटला २००, रोहू आणि मृगळ १५०-१५०. कटला वर चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. खाद्य म्हणून भुईमूग पेंड आणि भाताचा कोंडा निम्मेनिम्म. रोज माशांच्या अंदाजे वजनाच्या २ ते ३ टक्के.

आता हिशेब. या खाद्याच्या १०० किलोत साधारण ४ किलो नत्र. वर्षात ६०० किलो खाद्य जाऊन ३०० किलो मासे निघाले, तर २४ किलो नत्रातलं जेमतेम ८ किलो माशांबरोबर बाजारात जातं. उरलेल्यातलं थोडं हवेत उडतं, थोडं गाळात बसतं, बाकी पाण्यातून केळीला. मासे एकदम काढले की खाद्य बंद आणि हा पुरवठाही बंद.

म्हणून भाव चढला तरी सगळं तळं एका दिवसात उपसू नका. बोटुकल्या सोडल्यापासूनच्या आठव्या महिन्यापासून दर महिन्याला ७०० ग्रॅमच्या वरचेच काढा, तेही एकूण माशांच्या पावभागापर्यंत. फक्त कटला नेऊ नका; तिन्ही जातींचं प्रमाण राखा. जितके काढाल तितक्या ८-१० सेंटिमीटरच्या बोटुकल्या सोडा. किलोमागे लहान मासा मोठ्यापेक्षा जास्त अमोनिया टाकतो, त्यामुळे त्या वाढतील तशी तूट भरत जाते. समुद्रात ही सोय नाही. तिथे बोटुकल्या कोण सोडणार!

जाळं पहाटेच्या गारव्यात ओढा, आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा. अस्तराला बांबू किंवा अणकुचीदार वजन टोचू देऊ नका.

पाणी जास्त सुपीक झालं तरी घात होतो, विशेषतः मे महिन्याच्या उन्हात. हात पाण्यात कोपरापर्यंत बुडवा. तळवा स्पष्ट दिसला तर पाणी फिकं. मनगट बुडतानाच तळवा दिसेनासा झाला तर शेवाळ अति: खाद्य थांबवा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर ऑक्सिजन संपत आलाय. लगेच पंप लावून तळ्याचंच पाणी उंचावरून फवारून परत सोडा.

हेच पाणी ठिबकला जाणार असल्याने फूटव्हॉल्व्ह (पंपाच्या पाणी ओढणाऱ्या नळाच्या टोकाची झडप) तळापासून दोन-तीन फूट वर टांगा. आधी वाळूचा फिल्टर, मग जाळीचा. फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोचा फरक पडला की उलट्या दिशेने पाणी सोडून तो धुवा. तळाचा गाळ मात्र ठिबकमधून नको, तो पाटाने द्या.