डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील डाग: घरी कसा पाहावा आणि डॉक्टरांना केव्हा दाखवावा

सावळ्या किंवा गव्हाळ वर्णाच्या माणसांच्या डोळ्यांत बुबुळाच्या कडेने पसरट तपकिरी झाक असणे अगदी नेहमीचे आहे. त्वचेला रंग देणारे मेलॅनिनच तेथे साठलेले असते, दोन्ही डोळ्यांत ते थोड्याफार फरकाने सारखे दिसते आणि त्याला उपचार लागत नाही. काळजीपूर्वक पाहायचा तो एकाच डोळ्यात असलेला, नव्याने उमटलेला किंवा रूप बदलणारा डाग.

पहिली पायरी उजेडाची. बेसिनवरच्या आरशात, ट्यूबलाइटखाली, रंग फसवा दिसतो. म्हणून सकाळी खिडकीशी किंवा गॅलरीत, डोळ्यांवर थेट ऊन येणार नाही असे उभे राहावे. हात धुवावेत आणि काजळ पूर्ण पुसावे, कारण पापणीच्या आत अडकलेले काजळाचे कणही काळ्या ठिपक्यांसारखे भासतात. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे पाहावे आणि वरची पापणी उचलून तिच्याखालचा भाग घरातल्या कोणाकडून तरी पाहून घ्यावा.

आता डागाचे रूप टिपावे. बुबुळालगतचा, लहानपणी किंवा तरुणपणी दिसू लागलेला तपकिरी तीळ बहुधा निरुपद्रवी असतो. वयात येताना तो गडदही होऊ शकतो. बुबुळाच्या कडेपासून ३-४ मिलिमीटरवर असलेला बारीक करडा किंवा काळसर ठिपका पुष्कळदा पांढऱ्या थरातून वळसा घेणाऱ्या मज्जातंतूची जागा दाखवतो. जन्मापासूनचा निळसर-राखाडी पट्टा मात्र वेगळा. तो आतल्या थरात असल्यामुळे, पापणीवरून बोटाने हलकेच सरकवून पाहिले तरी जागचा हलत नाही. त्याच बाजूच्या गालावर किंवा कपाळावरही तशीच छटा असेल तर त्याला ओटाचा तीळ म्हणतात. अशा डोळ्यात काचबिंदूचा आणि क्वचित डोळ्याच्या आतील कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून काही त्रास नसला तरी दरवर्षी तपासणी करावी, आणि ती आयुष्यभर.

लोकलच्या दारात उभे राहून प्रवास केल्यावर अचानक ठिपका दिसला, डोळा खुपू लागला, लाल झाला किंवा पाणी वाहू लागले, तर तो बाहेरचा कण समजावा. डोळा चोळू नये. लोखंडाचा कण बुबुळावर रुतून राहिला तर त्याभोवती गंज धरतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

माझ्या मते सर्वांत उपयोगी काम फोटोचे आहे, आणि नेमके तेच बहुतेक जण करत नाहीत. मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने, फ्लॅश बंद ठेवून, दुसऱ्याकडून चारही दिशांचे फोटो काढून घ्यावेत, तारीख लिहून ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी, त्याच वेळी पुन्हा काढावेत. लग्नाच्या अल्बममधले जवळून घेतलेले जुने फोटोही काढून पाहावेत. डाग तेव्हापासून आहे की नवा, हे त्यावरून कळू शकते.

डाग वाढला, जाड झाला, त्याचा रंग बदलला, त्यातून रक्त आले, त्याकडे ठळक रक्तवाहिन्या जाताना दिसल्या, तो बुबुळावर किंवा पापणीच्या आत पसरू लागला, अथवा मध्यम वयानंतर एकाच डोळ्यात नव्याने आला, तर पुढच्या फोटोची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञांकडे जावे. मेलॅनोमा हा कर्करोग दुर्मीळ आहे, परंतु तो लवकर सापडणे फार महत्त्वाचे असते. तोवर गुलाबपाणी, मध, लिंबाचा रस किंवा मनाने आणलेले स्टेरॉइडचे थेंब डोळ्यात घालू नयेत. मेलॅनिनचा डाग त्यांनी जात नाही आणि डोळ्याला इजा होऊ शकते. निदानाआधी केवळ दिसण्यासाठी डाग लेसरने घालवून घेणे मला धोक्याचे वाटते; काढलेला प्रत्येक तुकडा पॅथॉलॉजी तपासणीला गेलाच पाहिजे.

चष्म्याच्या दुकानातील नंबर तपासणी येथे पुरेशी नाही. परळचे केईएम, शीवचे लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचे नायर किंवा भायखळ्याचे जे. जे. या रुग्णालयांच्या नेत्रविभागात सकाळी केस पेपर काढून दाखवता येते. तेथे स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राखाली, डाग पाहतात, गरजेनुसार डोळ्याचा दाब मोजतात आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालतात. त्यानंतर काही तास जवळचे धूसर दिसते व उजेड सोसत नाही, म्हणून सोबत कोणाला तरी न्यावे आणि स्वतः गाडी चालवू नये. निघण्यापूर्वी डागाची जागा व मिलिमीटरमधील आकार कागदावर लिहून घ्यावा, कारण पुढच्या खेपेला तपासणारे डॉक्टर दुसरे असू शकतात.