मूल बोललं, पण पुढे काय? शाळेतल्या मानसिक आरोग्याच्या कामात या चुका टाळा

१० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, बऱ्याच शाळांत पाहुणे बोलावले जातात. ‘मनातलं मोकळेपणाने बोला’ असं मुलांना सांगितलं जातं, आभारप्रदर्शन होतं, फोटो ग्रुपवर जातात. खरी अडचण दुसऱ्या दिवशी येते. आठवीतली एखादी मुलगी खरोखरच बोलायला येते आणि वर्गशिक्षिकेला पुढे काय करायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. मुलांना बोलतं करण्याआधी ऐकणाऱ्यांची तयारी व्हायला हवी. बहुतेक शाळांत हा क्रम उलटा होतो.

म्हणून व्याख्यान ठेवण्याआधी एवढं ठरवा: मुलाने कुणाकडे जायचं, कोणत्या खोलीत बसायचं आणि प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं असेल तर कुणाला फोन करायचा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संपर्क ठेवायचा आहे. वाडीवरच्या दोनशिक्षकी शाळेला समुपदेशक मिळणं अवघड आहे, हे खरं. पण जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाचा फोन नंबर आणि बाह्यरुग्ण विभागाचे वार मुख्याध्यापकांच्या टेबलावर असायला काहीच हरकत नाही.

‘नाटक करतोय’ असं म्हणून सोडून देणं

मुलांची भीती पुष्कळदा शरीरातून बाहेर येते. पोट दुखतं, मळमळतं, डोकं जड होतं. आधी डॉक्टरांना दाखवायला सांगाच. तिथे काही सापडलं नाही तर हजेरीपट उघडा. दुखणं ठरावीक वारी येतं का? गणिताच्या तासाआधी? व्हॅनने यायच्या दिवशीच? मधल्या सुट्टीनंतर? दुखणं खरंच असतं, कारण मात्र दुसरीकडे असतं. डबा तसाच परत नेणं, जुन्या मित्रांपासून तुटणं, वर्गात डोळे मिटणं असे बदल दोन आठवडे टिकले, तर वर्गशिक्षकांनी बाजूला घेऊन विचारावं. रागावणं तेव्हा अजिबात उपयोगाचं नाही.

‘कुणालाही सांगणार नाही’ असं वचन देणं

ही चूक मायेपोटी होते आणि सगळ्यात महागात पडते. मूल लैंगिक अत्याचाराबद्दल बोललं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून प्रकरण आपसांत मिटवणं हा गुन्हा आहे. दिलेलं वचन मग मोडावंच लागतं आणि मुलाचा उरलासुरला विश्वासही जातो. त्याऐवजी सुरुवातीलाच सांगा: ‘हे मी वर्गात किंवा स्टाफरूममध्ये कुणाला सांगणार नाही. पण तुला धोका असेल तर मदत करू शकतील अशा एकदोघांना सांगावं लागेल, आणि आधी तुला सांगूनच मी ते करीन.’ पालकांना बोलावण्यापूर्वी त्रास घरातूनच तर होत नाही ना, याचाही अंदाज घ्या.

मरणाचा विषय टाळणं

‘विचारलं तर नको ते डोक्यात भरेल’ ही भीती अनेक शिक्षकांना असते. तसं होत नाही. शांतपणे, थेट विचारलं की मुलाला हायसंच वाटतं. ‘इतका त्रास होतो तेव्हा जीव द्यावासा वाटतो का?’ एवढं विचारता आलं पाहिजे. उत्तर ‘हो’ आलं तर उपदेश करू नका, आईबापांच्या कष्टांची आठवण करून देऊ नका. मुलाला एकटं सोडू नका, घरच्या विश्वासू माणसाला बोलावून घ्या आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांपर्यंत पोचवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. संकटातल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे.

थकलेल्या शिक्षकाकडून ऐकण्याची अपेक्षा

या चुकीबद्दल फार कमी बोललं जातं. शिकवणं, पोषण आहाराच्या नोंदी, यू-डायस या सरकारी प्रणालीत भरायची शाळेची माहिती, बीएलओ म्हणून मतदारयादीचं काम, रात्री साडेनऊला ग्रुपवर पडणारा ‘तातडीने लिंक भरा’ हा संदेश. त्यावर रविवारी ताणमुक्तीची कार्यशाळा! शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देण्याला मनाई करतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्या आहेत. ती कामं मुख्याध्यापकांच्या हातात नाहीत. संध्याकाळी सहानंतर ग्रुपवर काम न टाकणं, शिक्षकाला इतरांदेखत न झापणं, आठवड्यातला एखादा तास मुलांशी बोलण्यासाठी मोकळा ठेवणं हे मात्र नक्कीच त्यांच्या हातात आहे. एखाद्या मुलाचं जड काही ऐकलेल्या बाईंना त्या दिवशी पुढचा तास कुणी घेऊन दिला, तर तीही मोठी मदत असते.

गुणांप्रमाणे तुकड्या पाडणं आणि चारचौघांत मुलांचा पाणउतारा करणं शक्य तितकं टाळावं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या वर सांगितलेल्या सूचनांत म्हटलं आहे. ‘हुशारांची अ तुकडी’ ही प्रथा बंदच करा.

प्रशिक्षण फक्त शिक्षकांना देणं हीसुद्धा चूकच. वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण व्हावं आणि त्यात शिक्षकेतर कर्मचारीही असावेत, असं या सूचना सांगतात. कोणता मुलगा एकटा जेवतो हे खिचडी वाढणाऱ्या ताईंना ठाऊक असतं. कोणती मुलगी शाळा सुटल्यावरही घरी जायला नाखूष असते, हे शिपाईमामांना दिसतं. त्यांनी पाहिलेलं कुणाला सांगायचं, तेही ठरवून द्या. आणि मदतीचे क्रमांक फक्त ऑफिसात लावू नका. पाण्याच्या टाकीजवळ आणि मुलामुलींच्या स्वच्छतागृहांच्या दारांवर मोठ्या अक्षरांत लावा, म्हणजे कुणाला न विचारता वाचता येतील.