ग्रँड नॅशनलवर पैज लावण्यापूर्वी: घोड्याच्या बाजूने शर्यत कशी वाचावी

एप्रिल उजाडला की इंग्लंडमधल्या स्विंडनहून भाच्याचा फोन येतो आणि घरच्यांची विचारपूस झाली की तो हमखास विचारतो, "मामा, ह्या वेळी कुठचा घोडा?" स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे. तिथल्या कारखान्यांत आणि गोदामांत काम करणारी आपली मुले, जी एरवी घोड्याच्या जवळपासही जात नाहीत, ती ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या मोठ्या घोडेशर्यतीच्या शनिवारी मात्र सहकाऱ्यांबरोबर दोन-चार पौंड लावतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे आणि त्यांच्याबरोबर इथे फोंड्यात, डिचोलीत, पेडण्यात रात्री साडेआठला ती शर्यत पाहणाऱ्यांसाठीही आहे. कोणता घोडा जिंकेल हे मी सांगणार नाही. ज्या जनावरावर आपण पैसे लावतो, त्याच्या वयाची, वजनाची, थकव्याची आणि पायांची माहिती आधी कशी काढावी आणि ती काढल्यावर कोणत्या घोड्यावर पैसे लावू नयेत, एवढेच सांगायचे आहे.

गोव्यात राहणाऱ्यांनी सर्वप्रथम कायदा समजून घ्यावा. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले असले, तरी परदेशी बुकीच्या संकेतस्थळावर इथून पैसे लावण्याची मुभा त्यातून मिळत नाही. स्वीपस्टेकसारख्या (सगळ्यांचे पैसे एकत्र करून विजेत्याला देण्याच्या) गोष्टींसाठी भारतातून पैसे बाहेर पाठवण्यास परकीय चलनाच्या नियमांत मनाई आहे, आणि २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदाही केला आहे. मांडवीतले कॅसिनो परवान्यावर चालतात म्हणून मोबाइलवरची पैजही चालेल, हा समज चुकीचा आहे. "माझ्या नावाने दहा पौंड लाव" असे भाच्याला सांगणे हीसुद्धा पळवाटच. गोव्यातून शर्यत पाहावी, तिचा अभ्यास करावा आणि पैसे खिशात ठेवावेत. ब्रिटनमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाला परवानाधारक बुकीकडे पैज लावता येते, पण २०२० पासून तिथे क्रेडिट कार्डावर जुगार खेळता येत नाही. उधारीवर खेळू नये, हे तिथल्या नियमानेच ठरवून टाकले आहे.

आता शर्यतीकडे येऊ. मुंबईला महालक्ष्मीला किंवा पुण्याला जी रेस होते, ती सपाट मैदानावरची असते. ग्रँड नॅशनल ही स्टीपलचेस, म्हणजे कुंपणांवरून उड्या मारत धावण्याची शर्यत, आणि तिचा उगम वेगळा आहे. एका गावाच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावाच्या मनोऱ्यापर्यंत शेते, कुंपणे आणि ओहोळ ओलांडत घोडा न्यायचा, अशी ती जुनी आयरिश-इंग्लिश रीत होती. आपल्या एखाद्या चर्चच्या दारातून निघून खाजन (खाडीकाठची शेते), बांध, मानस (बांधातले पाण्याचे दार) पार करत पलीकडच्या वाड्यावरचे चर्च गाठायचे, अशी कल्पना केली की तिचे स्वरूप ध्यानात येते. ग्रँड नॅशनल लिव्हरपूलजवळच्या एनट्रीच्या मैदानावर होते आणि तिची अधिकृत गणना १८३९ पासून केली जाते. अंतर सुमारे ६.९ किलोमीटर आहे. एकूण सोळा कुंपणे असून त्यांतली चौदा दोनदा ओलांडावी लागतात, म्हणजे घोड्याला तीस उड्या माराव्या लागतात. 'द चेअर' नावाचे सर्वांत उंच कुंपण ५ फूट २ इंचांचे आहे. 'बीचर्स ब्रुक'ची खरी अडचण उंचीपेक्षा उताराची आहे, कारण जिथे घोडा उतरतो ती जमीन जिथून तो झेपावतो त्या जमिनीपेक्षा खाली असते आणि ते त्याला झेप घेण्यापूर्वी दिसत नाही. शेवटच्या कुंपणानंतरही साडेचारशे मीटरची धाव उरते आणि दमलेल्या घोड्याची खरी परीक्षा तिथेच होते.

यात घोडे मरतात, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. २०११ मध्ये दोन आणि २०१२ मध्ये दोन घोडे गेले. २०१२ च्या दोघांपैकी 'अकॉर्डिंग टू पीट' स्वतः चुकला नव्हता, समोर कोसळलेल्या दुसऱ्या घोड्यामुळे तो पडला. त्यानंतर कुंपणांच्या आतला टणक लाकडी गाभा काढून लवचिक प्लास्टिकचा बसवला गेला आणि २०१३ ते २०१८ या काळात मुख्य शर्यतीत एकही घोडा दगावला नाही. अनेकांना वाटले की प्रश्न सुटला. परंतु २०१९, २०२१, २०२२ आणि २०२३ या वर्षांत पुन्हा मृत्यू झाले. २०२३ मध्ये 'हिल सिक्स्टीन' पहिल्याच कुंपणावर गेला. त्या दिवशी प्राणिहक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते मैदानात घुसल्यामुळे शर्यत काही मिनिटे उशिरा सुटली होती. त्यानंतर २०२४ साठी मोठे बदल झाले. घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली, पहिले कुंपण सुरुवातीच्या जागेच्या ६० यार्ड जवळ आणले, म्हणजे तिथे पोहोचेपर्यंत घोड्यांचा वेग फार वाढू नये, अकरावे कुंपण दोन इंच कमी केले आणि शर्यत दुपारी चारला घेतली. त्या वर्षी एकही घोडा पडला नाही. २०२५ मध्ये मात्र तेरा वर्षांचा 'सेलेब्र दालेन' शर्यतीच्या अखेरीस कोसळला आणि पुढे मेला. त्याच्यात त्राण उरलेले दिसत नसतानाही जॉकीने त्याला पुढे दामटले, असे ठरवून पंचांनी जॉकीला दहा दिवसांसाठी निलंबित केले.

पाय मोडला की घोड्याला का मारतात, असे भाच्याने एकदा मला विचारले होते. घोडा सुमारे पाचशे किलोचा असतो आणि गुडघ्याखाली त्याच्या पायाला मांस जवळजवळ नसते, फक्त हाड, कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) आणि कातडी. तिथे रक्तपुरवठा कमी असल्यामुळे हाड सहज सांधत नाही. जनावर महिनोन्महिने पडून राहू शकत नाही, आणि उरलेल्या तीन पायांवर भार आला की त्यांचे खूर आतून सुजून सुटू लागतात. म्हणून मैदानावरचे पशुवैद्य पुष्कळदा तिथेच निर्णय घेतात.

कार्ड कसे वाचावे

शर्यतीच्या कार्डावर, म्हणजे धावणाऱ्या घोड्यांच्या यादीत, घोड्याच्या नावाशेजारी आकड्या-अक्षरांची एक ओळ असते. बहुतेक लोक ती ओलांडून थेट नावाकडे आणि जॉकीच्या सदऱ्याच्या रंगाकडे जातात. ही ओळच आपल्या कामाची आहे. समजा, ती '२१/४पी-३एफ' अशी आहे. डावीकडे जुनी शर्यत आणि उजवीकडे ताजी, असा तिचा क्रम असतो. आकडा म्हणजे कितवा आला. 'एफ' म्हणजे घोडा पडला, 'यू' म्हणजे जॉकी घसरला, 'बी' म्हणजे दुसऱ्यामुळे पडला, 'आर' म्हणजे उडी नाकारली आणि 'पी' म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. आडवी रेघ वर्ष किंवा हंगाम बदलल्याचे दाखवते, तर तिरकी रेघ मधला एखादा पूर्ण हंगाम घोडा धावलाच नसल्याचे.

ही अक्षरे घोड्याच्या बाजूने वाचायला शिकावे. एका 'पी'मुळे घोडा वाईट ठरत नाही. उलट, घोडा दमल्याचे ओळखून त्याला थांबवणारा जॉकी त्याच्या पाठीवर होता, असाही त्याचा अर्थ असतो आणि अशा जॉकीवर माझा विश्वास अधिक बसतो. परंतु लागोपाठ दोन-तीन 'पी' आणि नंतर थेट नॅशनल, असे दिसले तर त्या घोड्याला इथे का आणले, हा प्रश्न विचारावा. 'एफ' एकदा आला तर चालेल, वारंवार आला तर तो घोडा उडी मारताना चुकतो, आणि तीस उड्यांच्या शर्यतीत त्याच्यावर पैसे लावणे मला पटत नाही. तिरकी रेघ म्हणजे बहुधा दुखापतीची विश्रांती असते. त्या विश्रांतीनंतर तो छोट्या शर्यतींत नीट धावला आहे का, ते पाहावे.

वयाकडे मी सर्वांत अधिक लक्ष देतो. २०१५ पासून २०२५ पर्यंतचे सगळे विजेते सात ते नऊ वर्षांचे होते. तेरा वर्षांच्या घोड्यावर लागणारा पैसा, तो जिंकलाच तर भरपूर मिळेल, या मोहाने लागतो. माझी मागणी इतकीच की अकरा ओलांडलेल्या घोड्यावर पैसे लावू नयेत. त्यात हिशेबही आहे आणि दयाही. वजनाचेही तसेच. ही हँडिकॅप शर्यत असल्यामुळे चांगल्या घोड्याला जास्त वजन दिले जाते आणि सर्वांत वरच्या घोड्याच्या पाठीवर ११ स्टोन १२ पौंड, म्हणजे सुमारे ७५ किलो असतात. ते अंगावर घेऊन सहाव्या किलोमीटरला तो कसा पळेल, हे त्याच्या लांब पल्ल्याच्या आधीच्या शर्यतींवरूनच कळते. जमीन कोरडी आणि टणक असली की वेग वाढतो, फार चिखल असला की थकवा वाढतो. एनट्रीला पाणी मारून जमीन मऊसर ठेवतात. शर्यतीच्या सकाळी जमिनीची स्थिती जाहीर होते, ती वाचल्याशिवाय पैसे लावू नयेत.

पैशांचा हिशेब

हा भाग थोडक्यात आटोपतो. भाव ३३ ला १ म्हणजे एका पौंडावर तेहतीस पौंड आणि लावलेला पौंड परत. इतक्या मोठ्या शर्यतीत लोक 'ईच-वे' लावतात, म्हणजे अर्धी पैज विजयावर आणि अर्धी पहिल्या काही क्रमांकांवर. दोन पौंड ईच-वे म्हणजे खिशातून चार पौंड जातात. २०२५ चा विजेता 'निक रॉकेट' ३३ ला १ भावाचा होता. स्थानासाठी भावाचा एक पंचमांश मिळत असेल, तर अशा घोड्याच्या विजयावर एकूण ८३ पौंड २० पेन्स हाती येतात आणि तो नुसता चौथा आला तर १५ पौंड २० पेन्स. किती क्रमांकांपर्यंत पैसे मिळतील आणि कोणत्या अपूर्णांकाने, हे दर बुकीकडे वेगळे असते, म्हणून ते आधी विचारून घ्यावे. आठवडे आधी लावलेल्या पैजेत घोडा धावलाच नाही तर पैसे बुडू शकतात. ही अट वाईटच, कारण लंगडणारा घोडा मागे घेतला तर हळहळ वाटते, जेव्हा खरे तर समाधान वाटायला हवे. म्हणून घोडा न धावल्यास पैसे परत देणाऱ्या बुकीकडेच आणि शक्यतो शर्यतीच्या दिवशीच पैज लावावी. हरलो तर ते पैसे दुसऱ्या शर्यतीत भरून काढू, हा विचार मनात आला की दुकानाबाहेर पडावे.

लहानपणी वडिलांबरोबर साष्टीतल्या एका फेस्ताला गेलो असताना मी धिरयो, म्हणजे बैलांची झुंज, पाहिली होती. तेव्हा तिच्यावर बंदी आली नव्हती, ती १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने आली. हरलेला बैल शेताच्या कडेला उभा होता, त्याच्या मानेवरून रक्त ओघळत होते आणि मालक जखमेवर मूठभर हळद दाबून धरत होता. ज्यांनी त्याच बैलावर पैसे लावले होते, ते सगळे पाठ फिरवून हिशेबाच्या भांडणात गुंतले होते, त्यांच्यातला एकही जण त्याच्याजवळ आला नाही. शर्यत कशी पाहावी हे मी त्या दिवसाच्या आठवणीवरून ठरवले आहे.

ती नऊ-साडेनऊ मिनिटे आपल्या घोड्याचा सदरा ओळखून ठेवावा आणि तो दिसेनासा झाला तर शोधावा. पडलेल्या घोड्याभोवती हिरवे पडदे उभे करतात आणि पुढच्या फेरीत बाण दाखवून इतरांना त्या कुंपणाच्या कडेने नेतात. कॅमेरा तिथे थांबत नाही. समालोचकही पुढे जातो. चाबकाकडेही लक्ष ठेवावे. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतीत जॉकीला तो जास्तीत जास्त सात वेळा वापरता येतो आणि मर्यादेहून चार किंवा अधिक फटके झाले तर घोडा बाद ठरतो. आपला घोडा जिंकावा म्हणून "मार, मार" असे ओरडू नये.

शर्यतीनंतर निकालाबरोबर किती घोडे परतले, हे वाचावे. २०२५ मध्ये सोळाच घोड्यांनी शर्यत पुरी केली होती. जे परतले नाहीत, त्यांच्यातला कोण नुसता थांबवला गेला, कोण पडून उठला आणि कोण पशुवैद्यांकडे आहे, हे नावानिशी शोधावे. ब्रिटिश बुकींच्या शर्यतींवरच्या नफ्यातला ठरावीक हिस्सा लेव्ही बोर्ड या वसुली करणाऱ्या संस्थेकडे जातो आणि त्यातून पशुवैद्यकीय संशोधनालाही पैसा मिळतो, म्हणून पैज लावणाऱ्याने असे प्रश्न विचारणे गैर नाही. शनिवारी रात्रीच शोध थांबवू नये. 'सेलेब्र दालेन'ला मैदानावर उपचार करून तबेल्यात नेले होते, त्यामुळे त्या रात्री तो बचावेल असे वाटत होते. तो गेल्याची बातमी मंगळवारी आली.